स्लोव्हेन लोक मध्य युरोपीय की बाल्कन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा प्रश्न मुळात उद्भवतो कशामुळे?

स्लोव्हेनिया हा जेमतेम २१ लाख लोकसंख्येचा देश इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया या चार देशांच्या मधोमध आहे. आल्प्स पर्वत, दिनारी डोंगररांगा, पानोनियाचे मैदान आणि आड्रियाटिक समुद्राची लहानशी किनारपट्टी हे चारही भूप्रदेश त्याच्या हद्दीत एकमेकांना भेटतात. स्लोव्हेन ही भाषा क्रोएशियन आणि सर्बियन भाषांची भगिनी आहे. या लोकांनी सुमारे सहाशे वर्षे व्हिएन्नाहून ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याखाली आणि त्यानंतर सुमारे ७० वर्षे युगोस्लाव्हिया या दक्षिण स्लाव्ह लोकांच्या संयुक्त राज्यात काढली. भाषा एका दिशेला नेते, इतिहासाचा मोठा भाग दुसऱ्या दिशेला नेतो आणि विसाव्या शतकाची आठवण पुन्हा पहिल्या दिशेला वळते, त्यामुळे बाहेरच्यांना आणि खुद्द स्लोव्हेन लोकांनाही हा प्रश्न पडत आला आहे.

थेट उत्तर द्यायचे झाल्यास काय द्यावे?

सांस्कृतिक घडणीच्या दृष्टीने स्लोव्हेन लोक मध्य युरोपीय आहेत, असे उत्तर द्यावे. मात्र युगोस्लाव्हियाच्या काळात त्यांच्या जीवनात आलेला बाल्कन, म्हणजे आग्नेय युरोपीय, अंशही खराच आहे. तो केवळ राजकीय अपघात होता आणि १९९१ साली स्वातंत्र्याबरोबर धुऊन निघाला असे मानणे चुकीचे ठरेल. पुढील उत्तरांत या दोन्ही विधानांची कारणे दिली आहेत.

बाल्कनची भौगोलिक सीमा कोठे मानतात? स्लोव्हेनिया तिच्या आत येतो का?

बाल्कन द्वीपकल्पाची उत्तर सीमा बहुधा कोल्पा, सावा आणि डॅन्यूब या नद्यांच्या रेषेने आखली जाते. कोल्पा ही स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांच्यातील सीमेवरून वाहते, म्हणजे या रेषेप्रमाणे देशाचा बहुतेक भाग बाल्कनच्या बाहेर राहतो. सावा मात्र स्लोव्हेनियातच उगम पावते आणि राजधानी ल्युब्लियानाच्या जवळून जाते, म्हणून रेषा तिच्या उगमापर्यंत ओढली तर देशाचे दोन तुकडे होतात. एखादे गाव नदीच्या कोणत्या काठावर आहे यावरून तेथील माणसांची संस्कृती ठरत नाही, त्यामुळे भूगोलाला या चर्चेत फार वजन देण्याचे कारण नाही.

आंतरराष्ट्रीय संस्था स्लोव्हेनियाला कोणत्या गटात ठेवतात?

त्यांच्यात एकवाक्यता नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागणीत स्लोव्हेनिया दक्षिण युरोपात येतो, तर त्याच संघटनेतील जागावाटपासाठी केलेल्या गटांत तो पूर्व युरोपीय गटात बसतो. पोलंड, चेकिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी यांच्या व्हिशेग्राड गटाचा तो सदस्य नाही, परंतु मध्य युरोपीय मुक्त व्यापार करारात तो १९९६ पासून युरोपीय संघात जाईपर्यंत होता. २००४ साली तो युरोपीय संघात आणि नाटोत गेला आणि २००७ साली त्याने युरो हे चलन स्वीकारले. पूर्वीच्या युगोस्लाव्हियातून या सर्व ठिकाणी पोहोचणारा तो पहिला देश होता. ही वर्गीकरणे कामकाजाच्या सोयीसाठी केलेली असतात आणि संस्कृतीचा निकाल त्यांवर सोपवता येत नाही.

हाब्सबुर्ग राजवटीने स्लोव्हेन लोकांना असे काय दिले की त्यांना मध्य युरोपीय म्हणावे?

या उत्तराची सुरुवात हाब्सबुर्ग घराण्याच्याही आधी करावी लागते. सातव्या शतकात आजच्या ऑस्ट्रियातील कॅरिंथिया प्रांताच्या परिसरात कारांटानिया नावाचे स्लाव्ह राज्य होते. ते आठव्या शतकात बव्हेरियाच्या आणि नंतर फ्रँक साम्राज्याच्या छत्राखाली गेले. तेथील सत्ताधीशाला गादीवर बसवण्याचा विधी एका दगडाजवळ स्लाव्ह भाषेत होत असे, आणि राज्यकर्ते जर्मनभाषी झाल्यावरही ही प्रथा १४१४ पर्यंत टिकली. त्या दगडाचे चित्र आज स्लोव्हेनियाच्या दोन सेंटच्या नाण्यावर आहे. इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेले आणि बव्हेरियातील फ्रायझिंग येथे जपले गेलेले ब्रिझिन्स्की लेख हे कोणत्याही स्लाव्ह भाषेतील रोमन लिपीत लिहिलेले सर्वांत जुने ज्ञात लेखन होय. पाळामुळांचा हा भाग पूर्वेच्या बायझंटाइन जगापेक्षा पश्चिमेच्या लॅटिन जगात रुजलेला होता.

तेराव्या आणि चौदाव्या शतकांत स्टायरिया, कॅरिंथिया, कार्निओला (आजच्या स्लोव्हेनियाचा मध्यवर्ती भाग) आणि त्रिएस्ते हे प्रदेश एकामागून एक हाब्सबुर्ग घराण्याकडे आले आणि काही थोडा काळ वगळता १९१८ पर्यंत तेथेच राहिले. धर्मसुधारणेची चळवळ जर्मन भूमीतून येथे आली. १५५० साली प्रिमोझ त्रुबार याने स्लोव्हेन भाषेतील पहिली मुद्रित पुस्तके काढली, ती जर्मन भूमीतच छापली गेली. १५८४ साली युरी दालमातिन याने संपूर्ण बायबल स्लोव्हेनमध्ये आणले, तेही विटेनबर्ग येथे छापून घेतले, आणि त्याच वर्षी आदाम बोहोरिच याने या भाषेचे पहिले व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले. त्यानंतर कॅथलिक प्रतिसुधारणेने प्रोटेस्टंट पंथ जवळजवळ पुसून टाकला, परंतु लिखित भाषेचा पाया राहिला. ही सर्व मालिका बोहेमियातील किंवा ऑस्ट्रियातील इतिहासाशी जोडून पाहता येते, सर्बिया किंवा बल्गेरियाच्या इतिहासाशी ती जुळत नाही.

मारिया थेरेसाच्या कारकिर्दीत १७७४ साली शालेय शिक्षण सक्तीचे झाले, त्याचे फळ पुढे फार ठळकपणे दिसले. १९२१ च्या जनगणनेत स्लोव्हेनियातील निरक्षरांचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते, तर त्याच नव्या युगोस्लाव्ह राज्यातील बोस्नियात ते सुमारे ८० टक्के होते. हा फरक कोणत्याही लोकसमूहाच्या बुद्धीचा नव्हता, दोन साम्राज्यांच्या वेगवेगळ्या कारभाराचा होता, आणि तो नजरेआड करून या विषयावर काही म्हणणे अवघड आहे.

एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रीय जागृतीचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. वाचनमंडळे, सोकोल ही चेक नमुन्यावर उभी राहिलेली व्यायामसंस्था, घरोघर पुस्तके पोहोचवणारी १८५१ मधील मोहोर संस्था, पाद्री आणि पुढारी यानेझ क्रेक यांच्या प्रयत्नांतून पसरलेल्या सहकारी पतपेढ्या आणि शाळेत कोणती भाषा चालावी यावरचे हट्टाचे वाद, अशी ही चळवळ होती. १८९५ साली त्सेल्ये या गावच्या माध्यमिक शाळेत स्लोव्हेन माध्यमाचे वर्ग काढण्याचा प्रश्न इतका पेटला की व्हिएन्नातील मंत्रिमंडळच कोसळले. सशस्त्र उठाव आणि डोंगरातील बंडखोर यांच्या कथांवर उभा राहिलेला बाल्कन राष्ट्रवाद आणि वाचनालय, पतपेढी, शाळा यांच्यावर उभा राहिलेला हा राष्ट्रवाद यांच्यातील अंतर स्पष्ट आहे. आमच्या मते संपूर्ण चर्चेतील हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

स्लोव्हेन ही दक्षिण स्लाव्ह भाषा आहे. मग ते लोक आपोआप बाल्कन ठरत नाहीत का?

ठरत नाहीत. भाषाकुल आणि संस्कृतिक्षेत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हंगेरियन भाषा आपल्या कोणत्याही शेजारी भाषेच्या कुळातील नाही, तरीही हंगेरीला कोणी मध्य युरोपाबाहेर काढत नाही. उत्तर क्रोएशियातील कायकावी बोली आणि स्लोव्हेन यांच्यात सलग नाते आहे, म्हणजे सीमेवर भाषा अचानक बदलत नाही, हेही खरे आहे. दुसरीकडे, बल्गेरियन, मॅसेडोनियन, अल्बेनियन, रोमेनियन अशा वेगवेगळ्या कुळांतील भाषांत शेजारामुळे जी समान व्याकरणिक वैशिष्ट्ये आली, ज्यांच्या आधारे भाषाशास्त्रज्ञ बाल्कन भाषासमूहाची चर्चा करतात, ती स्लोव्हेनमध्ये आढळत नाहीत. उलट या भाषेने द्विवचन टिकवून धरले आहे. संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला ते ओळखीचे वाटेल: दोन माणसे बोलत असतील तर क्रियापदाचे रूप निराळे, तीन झाली की निराळे.

भाषेबाबत एक निर्णय मात्र लोकांनी जाणीवपूर्वक घेतला. १८३० आणि १८४० च्या दशकांत क्रोएशियातून इलिरियन चळवळ पुढे आली आणि दक्षिण स्लाव्हांनी एकच लेखनभाषा स्वीकारावी असा आग्रह धरला गेला. स्टांको व्राझ हा स्लोव्हेन कवी त्या बाजूला गेला. फ्रान्से प्रेशेरेन (१८०० ते १८४९) गेला नाही. त्याने आपल्या लहानशा भाषेत सुनीते आणि प्रेमकविता लिहून तिला युरोपीय काव्याच्या पंगतीला बसवले. त्याच्या १८४४ मधील एका कवितेचे सातवे कडवे आज राष्ट्रगीत आहे आणि त्याचा स्मृतिदिन, ८ फेब्रुवारी, ही सांस्कृतिक सुट्टी आहे. युगोस्लाव्हिया जन्माला येण्याच्या कितीतरी आधी स्लोव्हेन लोकांनी दक्षिण स्लाव्ह एकीकरणाचा भाषिक भाग नाकारला होता, हे येथे लक्षात घ्यावे.

तुर्की राजवट येथे होती का?

नव्हती. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत ऑटोमन टोळ्यांचे छापे वारंवार पडले, गावे लुटली गेली, माणसे पळवली गेली. ह्रास्तोव्हल्ये येथील चर्चभोवतीचा तट त्या काळाची साक्ष देतो. परंतु प्रत्यक्ष ऑटोमन सत्ता या भूमीवर स्थिरावली नाही. त्या धामधुमीत पळून आलेल्या काही ऑर्थोडॉक्स कुटुंबांची बोयान्त्सीसारखी गावे आग्नेयेकडील बेला क्रायिना भागात आजही आहेत, आणि तेथील कोलो नृत्य पाहिले की हा कोपरा बाकीच्या देशाहून वेगळा असल्याचे जाणवते.

धर्माच्या दृष्टीने काय स्थिती आहे?

बहुसंख्य लोक परंपरेने रोमन कॅथलिक आहेत, ईशान्येकडील प्रेकमुर्येत लुथरन पंथीय टिकून आहेत, आणि विसाव्या शतकातील स्थलांतरामुळे मुस्लिम व ऑर्थोडॉक्स समाजही येथे स्थिरावले आहेत.

प्रेकमुर्ये आणि किनारपट्टी यांचे काय? तेही मध्य युरोपच का?

प्रेकमुर्ये पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हंगेरीच्या राज्यात होते, त्यामुळे तेथील बोग्राच नावाचे मसालेदार मांसाचे कालवण आणि विस्तीर्ण मैदानी शेती थेट पानोनियाकडे बोट दाखवतात. किनाऱ्यावरील कोपर, इझोला आणि पिरान ही गावे मात्र १७९७ पर्यंत व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची होती. पिरानच्या मुख्य चौकात तेथे १६९२ साली जन्मलेल्या व्हायोलिनवादक ज्युसेप्पे तार्तिनीचा पुतळा उभा आहे आणि गावाची घडण पाहता आपण आल्प्सपासून काही तासांच्या अंतरावर आहोत हे खरे वाटत नाही. या भागाला भूमध्यसागरी म्हणणेच योग्य होईल. इटालियन आणि हंगेरियन अल्पसंख्याकांना राज्यघटनेने मान्यता दिली असून ९० सदस्यांच्या संसदेत दोघांसाठी प्रत्येकी एक जागा राखीव आहे.

युगोस्लाव्हियातील सुमारे ७० वर्षांचा परिणाम किती खोल आहे?

सामान्यतः मानला जातो त्याहून खोल आहे, आणि मध्य युरोपीय ओळखीचा पुरस्कार करणारे अनेकजण येथेच हात आखडता घेतात.

प्रथम हे समजून घ्यावे की १९१८ साली स्लोव्हेन लोक दक्षिणेच्या राज्यात केवळ ओढले गेले नव्हते. साम्राज्य कोसळत असताना त्यांच्यासमोर दोन मोठे शेजारी होते. इटली आणि युगोस्लाव्ह राज्य यांच्यातील १९२० च्या रापाल्लो तहाने तीन लाखांहून अधिक स्लोव्हेन इटलीकडे गेले आणि तेथे फॅसिस्ट राजवटीने त्यांच्या शाळा व संस्था बंद पाडल्या, आडनावेसुद्धा इटालियन करून टाकली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला दक्षिण कॅरिंथियात सार्वमत झाले. त्या भागात स्लोव्हेन भाषकांचे बहुमत असूनही सुमारे ५९ टक्के मते ऑस्ट्रियाला मिळाली. युगोस्लाव्ह राज्यात मात्र १९१९ साली ल्युब्लियानाला पहिले स्लोव्हेन विद्यापीठ मिळाले. व्हिएन्नाने अनेक दशकांच्या मागणीनंतरही ते दिले नव्हते. मध्य युरोपाची आठवण काढताना ही बाब विसरली जाऊ नये.

१९४१ साली जर्मनी, इटली आणि हंगेरी यांनी हा प्रदेश आपसांत वाटून घेतला. जर्मनांनी हजारो स्लोव्हेन कुटुंबांना घराबाहेर काढून सर्बियात पाठवले आणि तेथील खेड्यांतील लोकांनी त्यांना आसरा दिला. त्या उपकाराच्या स्मरणार्थ १९६१ पासून स्लोव्हेनिया आणि सर्बिया या दोन्ही प्रजासत्ताकांदरम्यान बंधुत्व आणि एकता या नावाची रेलगाडी चालवली जात असे. एखाद्या समाजाच्या आठवणीत अशी गोष्ट असेल, तर दक्षिणेशी असलेले त्याचे नाते केवळ नकाशावरचे होते असे म्हणता येणार नाही.

समाजवादी काळात येसेनित्सेच्या पोलाद कारखान्यात आणि व्हेलेनियेच्या कोळसा खाणीत बोस्नियातून हजारो कामगार आले. तरुण मुले सैन्यसेवेसाठी मॅसेडोनिया किंवा सर्बियात जात, सर्बो-क्रोएशियन शिकत, तिच्यातील रॉक संगीत ऐकत. ते संगीत आजही ल्युब्लियानातील समारंभांत वाजते आणि त्यावर नाचणाऱ्यांत १९९१ नंतर जन्मलेली मुलेही असतात.

मग 'आम्ही बाल्कन नाही' असे इतक्या आग्रहाने का सांगितले जाते?

त्याची दोन कारणे आहेत आणि ती वेगळी ठेवली पाहिजेत. पहिले कारण राजकीय होते. १९८० च्या दशकात युगोस्लाव्हियातील संघर्ष वाढत गेला तसे मध्य युरोप हे नाव स्लोव्हेन लेखकांसाठी लोकशाहीचे आणि राजधानी बेलग्रेडच्या केंद्रीकरणापासून सुटकेचे नाव झाले. स्लोव्हेन लेखक संघटनेने १९८६ पासून कार्स्ट भागातील व्हिलेनित्सा गुहेत मध्य युरोपीय साहित्यासाठी पुरस्कार देण्यास सुरुवात केली. १९८८ साली ल्युब्लियानातील लष्करी न्यायालयात चौघांवर चाललेला खटला स्लोव्हेनऐवजी सर्बो-क्रोएशियनमध्ये चालवला गेला, तेव्हा हजारो लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले. डिसेंबर १९९० च्या सार्वमतात एकूण मतदारांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला आणि २५ जून १९९१ रोजी ते घोषित झाले. हा आग्रह न्याय्य होता, असे आम्हाला वाटते.

दुसरे कारण तितके निर्मळ नाही. बाल्कन या शब्दाला मागासलेपणाचा आणि हिंसेचा अर्थ चिकटवला गेला, आणि आपण त्यात मोडत नाही हे सिद्ध करण्यासाठी आपल्याच शहरातील शेजाऱ्यांना खालचे लेखले गेले. दक्षिणेकडून आलेल्यांसाठी 'चेफुर' हा अपमानकारक शब्द रूढ झाला. १९८० च्या दशकात ल्युब्लियानात भिंतीवर एक घोषवाक्य रंगवलेले होते: 'बुरेक? नाइन, डांके' (बुरेक? नको, धन्यवाद). बोस्नियन कामगारांबरोबर आलेल्या मांसाच्या किंवा चीजच्या त्या खाद्याला नकार देताना स्लोव्हेन भाषा बाजूला ठेवून जर्मन वापरावी, यातच पुष्कळ काही येते.

ही वृत्ती भिंतीपुरती राहिली नाही. २६ फेब्रुवारी १९९२ रोजी, इतर प्रजासत्ताकांत मूळ असलेल्या आणि मुदतीत नागरिकत्वाचा अर्ज न केलेल्या किंवा अर्ज नाकारल्या गेलेल्या सुमारे २५ हजार लोकांची नावे कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आली. त्यांना तसे कळवण्यातही आले नव्हते. अनेकांचे काम गेले, उपचार थांबले, काहींना देशाबाहेर घालवण्यात आले. देशाच्या घटना न्यायालयाने ही कृती घटनाबाह्य ठरवली आणि २०१२ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही स्लोव्हेनियाच्या विरोधात निर्णय दिला. 'पुसून टाकलेले' या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या या लोकांचा विचार केल्याशिवाय सांस्कृतिक प्रदेशाची चर्चा करणे आम्हाला अप्रामाणिक वाटते. ल्युब्लियानातील पहिली मशीद उघडण्यास २०२० साल उजाडले. तिची मागणी त्याआधी अर्धशतकापासून होत होती.

खाणेपिणे, संगीत आणि खेळ यांवरून काय दिसते?

अक्रोडाचे सारण भरलेला पोटित्सा हा गुंडाळीचा केक, श्ट्रुक्ली या सारण भरलेल्या पिठाच्या गुंडाळ्या, गव्हाशी नाते नसलेल्या कुट्टूच्या पिठाचे झ्गान्त्सी आणि कार्निओलाचे सॉसेज हे पदार्थ आल्प्सच्या परिसरातील आहेत. त्याच घरात उन्हाळ्यात अंगणात चेवाप्चिची, म्हणजे खिम्याच्या लहान कांड्या, भाजले जातात आणि सोबत लाल मिरचीची आयवार ही चटणी असते, आणि आज त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. बुरेकही आता रात्री उशिरापर्यंत विकला जातो. संगीतात, बेगुन्ये गावच्या स्लाव्को आव्हसेनिक यांनी १९५३ साली सुरू केलेला अॅकॉर्डियनचा वाद्यवृंद जर्मनी आणि ऑस्ट्रियात इतका गाजला की त्या शैलीचे तेथे असंख्य वाद्यवृंद निघाले.

खेळांत हे दोन्ही धागे सर्वांत स्पष्ट दिसतात. प्लानित्साच्या उतारावरील स्की-उड्या हा आल्प्सचा वारसा आहे. बास्केटबॉल हा युगोस्लाव्ह प्रशिक्षणपरंपरेचा वारसा आहे. २०१७ साली स्लोव्हेनियाने युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात सर्बियाला हरवले तेव्हा स्लोव्हेन संघाचे प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव्ह हे स्वतः सर्बियन होते आणि संघातील तरुण खेळाडू लुका डोंचिच याच्या वडिलांच्या घराण्याचे मूळही सर्बियन आहे.

स्लोव्हेन लोक मुळात स्लाव्ह नसून प्राचीन व्हेनेती लोकांचे वंशज आहेत, हे खरे आहे का?

नाही. हा सिद्धांत १९८० च्या दशकात काही हौशी अभ्यासकांनी मांडला आणि तो बराच लोकप्रिय झाला, परंतु भाषाशास्त्रज्ञ आणि इतिहासकार यांनी तो स्वीकारलेला नाही. प्राचीन व्हेनेती शिलालेखांची भाषा स्लाव्ह कुळातील नाही. दक्षिणेकडील बांधवांशी असलेले नाते तोडण्याची निकड ज्या काळात भासत होती, नेमक्या त्याच काळात हा सिद्धांत लोकांना पटला. मध्य युरोपीय असण्यासाठी स्लाव्ह मूळ नाकारण्याची गरज नसते. चेक, स्लोव्हाक आणि पोलिश लोकांनी ते कधी नाकारलेले नाही.

स्लोव्हेनिया आणि स्लोव्हाकिया एकच आहेत का?

नाहीत. नावे आणि ध्वज सारखे भासतात, परंतु स्लोव्हाक ही पश्चिम स्लाव्ह भाषा आहे आणि दोन्ही देशांची सीमा एकमेकांना लागत नाही.

मराठीत लिहिताना स्लोव्हेनियाला 'बाल्कन देश' म्हणावे का?

आमच्या मते म्हणू नये. युगोस्लाव्हियाच्या विघटनाच्या बातम्यांतून हा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ झाला, परंतु १९९१ चे दहा दिवसांचे युद्ध संपल्यावर पुढील रक्तपात स्लोव्हेनियाच्या बाहेर घडला. 'पूर्वी युगोस्लाव्हियात असलेला मध्य युरोपीय देश' हे वर्णन अचूक आहे. त्यातील पहिला अर्धा भाग गाळू नये, कारण तो गाळला तर येसेनित्सेच्या भट्टीपाशी आयुष्य काढलेल्या बोस्नियन कामगाराची आणि त्याच्या आज स्लोव्हेन बोलणाऱ्या नातवंडांची या देशाच्या संस्कृतीतील जागाही वर्णनातून गळून पडते.